मागच्या दाराकडून बघा: मालक-नोकरांच्या जुन्या काळच्या मालिका कशा बघायच्या

मी ब्लाउज शिवते. नागपुरात नंदनवनला घराच्याच पुढच्या खोलीत माझं दुकान आहे, सदतीस वर्षं झाली. मशीनच्या बाजूला टीव्ही आहे. गिऱ्हाईक बायका विचारतात, ताई, तुम्ही त्या इंग्रजांच्या मोठ्या घरांच्या मालिका एवढ्या जीव लावून कशा बघता? आम्हाला तर पहिल्या दोन भागांत कोण कोणाचं कोण हेच कळलं नाही, बंद केली. त्यांना मापं घेता घेता जे सांगत आले, ते इथे नीट लिहून काढते.

पहिली गोष्ट, सुरुवात कुठून करायची. डाउन्टन ॲबीपासून करा. २०१० ते २०१५ अशी सहा सीझन चालली, एकूण ५२ भाग. पण आकडा बघून घाबरू नका, पहिल्या सीझनचे सातच भाग आहेत. तेवढेच आधी बघा, एका वेळी एकच. दोन भाग लागोपाठ बघितले की चेहऱ्यांची सरमिसळ होते. गोष्ट १९१२च्या एप्रिलमध्ये सुरू होते. टायटॅनिक बुडाल्याची बातमी घरी येते आणि त्या बोटीवर घराण्याचा वारस आणि त्याचा मुलगा दोघंही होते. घरात तीन मुली आहेत, पण जमीन, घर, पदवी सगळं पुरुष वारसालाच जाणार असं कायद्याच्या कागदात बांधून ठेवलेलं. मग मँचेस्टरहून एक दूरचा नातेवाईक वकील, मॅथ्यू, शोधून आणतात. आणलेला वारस नोकरी करून पोट भरणारा निघतो आणि सगळ्यांची पंचाईत होते.

हा वारसाचा पेच बाकी ठिकाणी समजावून सांगावा लागत असेल. नागपूरच्या माणसाला एकच वाक्य पुरतं: महालात काय झालं ते आठवा. नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले १८५३मध्ये वारले, पोटचा मुलगा नव्हता. दत्तक इंग्रजांनी मानला नाही आणि १८५४ला डलहौसीनं राज्य खालसा केलं. जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात गेलं. म्हणजे ज्यांच्या देशात वारस नाही म्हणून मुली रडत होत्या, त्यांनीच आमच्याकडे वारस नाही हे निमित्त करून राज्य घेतलं. ही गोष्ट मनात ठेवून पहिला भाग बघा. त्या घरातल्या म्हाताऱ्या सरदारीणबाईंचा ताठा तुम्हाला वेगळाच दिसेल.

आता बसायची व्यवस्था. ही मला मालिकेइतकीच महत्त्वाची वाटते. आम्ही चौघी बघतो: मी, माझी सून, शेजारच्या रिटायर झालेल्या मॅडम आणि आमच्याकडे भांडी घासायला येणारी ताई. पहिल्या दिवशी मॅडम आणि मी सोफ्यावर, सून खुर्चीवर आणि ताई दाराशी फरशीवर. पडद्यावर खालच्या मजल्यावरची नोकरमाणसं वरच्या मालकांसाठी उभी राहत होती आणि आमच्या खोलीत तेच चित्र होतं. दुसऱ्या दिवशी मी सोफा भिंतीला सरकवला आणि खाली गादी घातली. चौघी गादीवर. तुम्हीही हे करा. वेगवेगळ्या उंचीवर बसून ही मालिका बघू नये.

उन्हाळ्यात बघणार असाल तर कूलरचं काय करायचं ते आधी ठरवा. आपल्याकडे मे महिन्यात कूलर बंद करून कोणी बसूच शकत नाही आणि कूलरच्या आवाजात इंग्रजांचं पुटपुटणं ऐकू येत नाही. म्हणून पडद्यावर बोलण्याची अक्षरं, म्हणजे सबटायटल्स, लावायची आणि ज्याला वाचता येतं त्यानं मोठ्यानं आपल्या बोलीत सांगायचं. आमच्याकडे सून सांगते. यानं मजा कमी होत नाही, वाढते. कारण सांगताना थांबावं लागतं आणि थांबलं की प्रश्न येतात. सकाळच्या नाश्त्याच्या प्रसंगात ताईनं विचारलं, "बाई, एवढे मोठे लोकं, अन् नाश्ता सोता काहून वाढून घेऊन राहिले?" मी दहा वेळा तो प्रसंग बघितला होता, माझ्या लक्षात आलं नव्हतं. खरंच तशी रीत होती. अशा घरांत सकाळचा नाश्ता बाजूच्या टेबलावर मांडून ठेवायचे, ज्यानं त्यानं घ्यायचा. लग्न झालेल्या बायकांचा मात्र ट्रेमध्ये घालून त्यांच्या खोलीत जायचा. रात्रीच्या जेवणाला वाढपी, हातमोजे, सगळा थाट.

दुसऱ्या भागाच्या आधी एक कागद घ्या आणि कोण कोणाला काय म्हणतं एवढंच लिहा. नाती लिहू नका, हाका लिहा. आपल्याला अरे, अहो, आपण यांची सवय असल्यामुळे हे आपण पटकन पकडतो. सगळ्या नोकरांचा मुख्य तो बटलर, कार्सन. आपल्याकडच्या वाड्यावरचा दिवाणजी डोळ्यांसमोर आणा. त्याला मालक नुसतं 'कार्सन' म्हणतात, खालची माणसं 'मिस्टर कार्सन' म्हणतात. तो आला की खालच्या टेबलावरचे सगळे उठून उभे राहतात. मुख्य कारभारीण ह्यूजबाईंना सगळे 'मिसेस' म्हणतात, त्यांचं लग्न झालेलं नसतानाही. स्वयंपाकीणबाईंनाही 'मिसेस'. तो मान त्या जागेचा आहे, बाईच्या लग्नाशी त्याचा संबंध नाही. मालकिणीची खास दासी तिच्या आडनावानं ओळखली जाते, झाडलोट करणाऱ्या मुली नुसत्या नावानं. आणि सगळ्यात खाली डेझी, चुली पेटवणारी पोरगी. घर जागं व्हायच्या आधी ती उठलेली असते. खाली बसायच्या जागासुद्धा दर्जानुसार ठरलेल्या. वरच्यांनी खालच्यांना बनवलेल्या पायऱ्या खालच्यांनी आपल्यातही तशाच उतरवून घेतल्या होत्या, हे त्या कागदावर दोन भागांत दिसायला लागतं.

माझ्या धंद्यातलं एक सांगते, ते कपड्यांचं. कुठल्याही पोशाखाची बटणं कुठे आहेत ते बघा. मागे असतील तर समजा की त्या बाईच्या मागे दुसरी बाई उभी आहे. पाठीवर वीस-बावीस बारीक बटणं स्वतःची स्वतः कुणालाच लावता येत नाहीत. पोशाखाच्या कापडापेक्षा ती बटणंच श्रीमंती सांगतात. काम करणाऱ्या मुलींचे कपडे पुढून बंद होणारे, बाही वर सरकवता येईल अशी. सकाळी झाडलोटीला छापील सुती झगा, दुपारनंतर काळा झगा आणि पांढरा एप्रन. त्या काळी बहुतेक मुलींना हे कपडे स्वतःच्या पैशानं करून नोकरीवर यावं लागायचं. पुरुष वाढप्यांचा झगमगीत गणवेश मात्र घरातून मिळायचा, कारण तो पाहुण्यांना दिसायचा. पडद्यावर पांढरा एप्रन दिसला की मला वाटतं, हा धुतला कोणी, वाळवला कुठे, इस्त्री किती वाजता केली.

दारं आणि जिनेही बघा. मालकांचा जिना रुंद, नोकरांचा अरुंद आणि आडोशाचा. या मालिकेचं वरचं घर म्हणजे हॅम्पशरमधला खराखुरा हायक्लेअर कॅसल. खालचं स्वयंपाकघर आणि नोकरांची खोली मात्र लंडनच्या ईलिंग स्टुडिओत उभारलेली होती. म्हणजे ट्रे घेऊन जिना चढणारा नोकर खाली एका ठिकाणी आणि वर पोचतो तो दुसऱ्याच ठिकाणी. हे कळल्यापासून तो जिना मला अजूनच लांब वाटतो. मी तसा जिना चढलेली आहे. एका बंगल्यात लग्नाच्या ब्लाउजची मापं घ्यायला बोलावलं होतं. फाटकावरच सांगितलं, मागून लोखंडी जिन्यानं या. समोरचा जिना रिकामा होता.

आता ज्या दोन गोष्टींसाठी मी हे लिहायला बसले, त्या सांगते.

पहिली म्हणजे स्वयंपाकीणबाईंचे डोळे. मिसेस पॅटमोर. पहिल्या सीझनमध्ये ही बाई सारखी डेझीवर ओरडत असते. पहिल्यांदा बघताना राग येतो. पण तिच्या हातांकडे बघा. ती भांडं चाचपून घेते. ताटाकडे बघताना मान पुढे काढते. डेझीला विचारते ते कशाला, तर तिला स्वतःला दिसत नाही म्हणून. तिची नजर जात चालली आहे आणि ती कोणाला सांगत नाही, कारण डोळे गेलेली स्वयंपाकीण कोण ठेवणार? आणि मग एके दिवशी पाहुण्यांच्या पंगतीत गोडावर साखरेऐवजी मीठ जातं. वर पाहुणा घास तोंडात घालून थुंकतो, खाली ती बाई कोसळून रडते.

हा भाग लागला तेव्हा माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं. सुई ओवायला मी नातवाला खेळ म्हणून बसवत होते, बघू कोण आधी ओवतं. एका गिऱ्हाइकाच्या गडद निळ्या ब्लाउजला मी काळ्या दोऱ्याची शिवण मारली. रात्री ट्यूबलाइटमध्ये दोन्ही सारखेच दिसले मला. तिनं उन्हात धरून दाखवलं. काही बोलली नाही, पुढच्या वेळी आली नाही. सदतीस वर्षांची कमाई म्हणजे माझे डोळे, आणि ते गेले तर दुकान गेलं, हे मी झोपताना रोज मोजत होते. मिसेस पॅटमोर रडली तेव्हा सुनेनं सांगायचं थांबवलं. माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. दुसऱ्या आठवड्यात तिनंच डॉक्टरांकडे नेलं.

मालिकेत पुढे मालक त्या बाईला लंडनला पाठवून डोळ्यांचं ऑपरेशन करून आणतात. बघताना बरं वाटतं, आणि वाटू द्या. पण तिथेच एकदा थांबवा आणि एकमेकींना विचारा, मालक दुसरा असता तर? तिचे डोळे मालकाच्या मर्जीवर वाचले. हक्कानं वाचले असते तर तिला ते लपवावे लागले नसते. या मालिकांमध्ये मालक फार चांगले दाखवतात, हा त्यांचा दोष आहे. १९११च्या शिरगणतीत इंग्लंडमध्ये घरकामाला असलेल्या बाया दहा लाखांहून जास्त होत्या. त्यातल्या कितीजणींना असा मालक मिळाला असेल? हा प्रश्न तोंडानं विचारायचा, मनात ठेवायचा नाही. म्हणजे मालिकेतला गोडवा गोडवाच राहतो, खोटेपणा होत नाही.

दुसरी गोष्ट मॅथ्यू आणि त्याच्या नोकराची. मॅथ्यू वकील माणूस, स्वतःचे कपडे स्वतः घालणारा. त्याला मोल्स्ली नावाचा सेवक दिला जातो. मॅथ्यूला लाज वाटते. तो मोल्स्लीला कशाला हातच लावू देत नाही, आणि मोठ्या माणसानं दुसऱ्याला कपडे घालणं हे कसलं काम, असं त्याच्या तोंडावर बोलून जातो. मोल्स्ली कोट हातात धरून तसाच उभा. मग सासरेबुवा म्हणावेत असे ते उमराव, म्हणजे घराचे मालक, मॅथ्यूला समजावतात की या माणसाची रोजी आणि अभिमान तू का हिरावतोस. त्यानंतरच्या प्रसंगात मॅथ्यू मोल्स्लीला विचारतो, बाहीची कोणती बटणं लावू, आणि लावून घेतो. मोल्स्लीचा चेहरा उजळतो.

आमच्या गादीवर यावर फार भांडण झालं. मॅडम म्हणाल्या, उमरावाचं बरोबर, कामाला कमी लेखू नये. सून म्हणाली, हे मालकांच्याच सोयीचं शहाणपण आहे. मी हुक लावणारी बाई. मला माहीत आहे की पाठीवर ब्लाउज नीट बसला आणि बाईनं आरशात खांदे सरळ केले की माझ्या पोटात काय होतं. तो अभिमान खरा आहे, मोल्स्लीचाही खरा. पण उमरावाला तो अभिमान तेव्हाच आठवतो जेव्हा त्याची घडी विस्कटायला लागते, हेही खरं. दोन्ही एकदम मनात धरता आलं पाहिजे. या मालिकांची ओढ मला तरी तिथेच वाटते. झुंबरं सगळीकडे आहेत.

ताईला मात्र झाडलोट करणाऱ्या मुलींमधली ग्वेन आवडली. खोलीत कपाटावर टाइपरायटर लपवून, टपालानं धडे मागवून टायपिंग शिकणारी मुलगी, सेक्रेटरी व्हायचंय म्हणणारी. ताईची मुलगी टायपिंगच्या क्लासला जाते, मराठी ३० झालं, इंग्रजी ४०ची परीक्षा राहिली आहे. ताईनं तो भाग मुलीला घेऊन येऊन परत बघितला.

डाउन्टन झाल्यावर कुठे जायचं? त्याच घाटाची जुनी मालिका आहे, अपस्टेअर्स डाउनस्टेअर्स, १९७१ ते १९७५, ६८ भाग. लंडनमधलं १६५ ईटन प्लेस हे घर, काळ १९०३ ते १९३०. सुरुवातीचे काही भाग कृष्णधवल आहेत आणि सगळं खोल्यांमध्येच घडतं, म्हणून पहिले तीन भाग धीर धरावा लागतो. ही कल्पना जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स या दोन नट्यांची. दोघींच्या घरची माणसं अशा घरांत नोकरीला होती, आणि ते जाणवतं. इथे खालचा मजला शोभेला नाही.

मग आपल्याकडे या. झी मराठीवर २०१२ला उंच माझा झोका लागायची, रमाबाई रानड्यांची. २०२०ला सोनी मराठीवर सावित्रीजोती. या बघताना इंग्रजी मालिकांचा कागद पुरत नाही, कारण एक मोठा फरक आहे आणि तो नागपुरात बसून विसरता येत नाही. ग्वेन टायपिंग शिकून वरच्या जिन्यावर जाऊ शकते. ड्रायव्हर ब्रॅन्सन मालकाच्या मुलीशी लग्न करून त्याच टेबलावर जेवायला बसतो. अडथळे आहेत, पण माणूस बदलला की पायरी बदलते. आपल्याकडे पायरी जन्माची. त्या घरात डेझी मालकांचं अन्न शिजवायला मदत करते, तिचा हात लागलेलं ते खातात. आमच्या आजीचा हात लागलेलं पाणीही वाड्यावर चाललं नसतं. जोतिरावांनी १८६८ला आपल्या घरचा हौद खुला केला, त्याचं मोल यामुळे कळतं. तुमच्या कागदावर आता आणखी एक रकाना करा: कोणाला कुठपर्यंत जाता येतं. ओसरी, माजघर, देवघर, विहीर.

आजी भंडाऱ्याकडच्या एका गावात मालगुजाराच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या, वाड्यावर अंगण आणि गोठा झाडायची. मालगुजारी १९५१ला कायद्यानं गेली, पण वाडा होता, जमीन होती, काम होतं. मालगुजारांच्या नावानं तिकडचे तलाव अजून मामा तलाव म्हणून ओळखतात, माजी मालगुजारी. इतकी वर्षं तिनं त्या वाड्याचं काम केलं आणि आत खोल्या किती आहेत हे तिला माहीत नव्हतं. १४ ऑक्टोबर १९५६ला ती आणि आजोबा नागपूरला आले, आता जिथे दीक्षाभूमी आहे त्या मैदानावर. परत गेल्यावर ती वाड्यावर गेली नाही. वडील पुढे एम्प्रेस मिलमध्ये लागले, म्हणून आम्ही इथले.

यावर एक घरातलं काम सांगते, आणि हे मालिका सुरू असतानाच करा, संपल्यावर राहून जातं. आपल्या स्वयंपाकघरातली कपाटं उघडून बघा. माझ्याकडे खिडकीत एक स्टीलचा पेला वेगळा होता, ताईच्या चहाचा. मी ठेवला असं मला आठवतही नव्हतं. माझ्या, आजीच्या नातीच्या घरात. तो पेला मी बाकीच्यांत मिसळला आणि ताईला सांगून मिसळला, गुपचूप नाही.

शेवटचं काम: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन करा, किंवा जाऊन बसा. तुमचे आजी-आजोबा कोणाकडे कामाला होते किंवा त्यांच्याकडे कोण कामाला होतं, असं सरळ विचारलं तर 'होते कोणीतरी' एवढंच ऐकू येतं. त्यापेक्षा वस्तूचं विचारा. कुठल्या दारानं आत जायचे? कपात चहा की पेल्यात? मजुरी कशात मोजायचे? मी आत्याला विचारलं. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, लहानपणी आजीबरोबर त्या गोठ्यात जायची. मजुरीचं विचारल्यावर ती उठून बसली. म्हणाली, सुगीला धान द्यायचे, पायलीनं मोजून, आणि मोजणारा माणूस प्रत्येक पायलीत आतून अंगठा धरायचा. अंगठ्याएवढं धान कमी. आजी घरी आल्यावर ते अंगठे मोजायची, बोटं मोडत. किती पायल्या, तेवढे अंगठे.

मी ते वहीत लिहीत होते. आत्यानं विचारलं, तुला हे आता कशाला पायजे? मग मी तिला मालिकेचं सांगितलं, त्या घराचं, चुली पेटवणाऱ्या पोरीचं, साखरेऐवजी मीठ टाकणाऱ्या स्वयंपाकीणबाईचं. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "अन् मंग? तिचे डोये झाले का बरे?"

झाले म्हटलं. परत आली ती, त्याच चुलीवर.